मीटर 20 व्होल्ट दाखवतो, मोटर का फिरत नाही?

मंडळी, परसबागेचा छोटा पंप सौर पॅनेलवर चालवायचा, तर आधी एक हिशोब करू. 1 लीटर पाणी 1 मीटर वर उचलायला 9.8 ज्यूल ऊर्जा लागते. हजार लीटरची टाकी 10 मीटर उंचीवर भरायची, तर झाले साधारण 27 वॉट-तास. 9 वॉटचा एलईडी दिवा तीन तास जळतो, तेवढीच वीज! लहान पंप भलतेच उधळे असतात, तीन-चतुर्थांश वीज वाया गेली असं धरा. तरी 110 वॉट-तासांत काम भागतं. 50 वॉटचं पॅनेल आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात दिवसाला 200 च्या आसपास देतं.

मग लोक विचारतात, बॅटरी किती आंपियरची घेऊ? मी म्हणतो, घेऊच नका. परसबागेला पाणी रात्री उपसायचं अडलंय का कुणाचं? ऊन असताना उपसा, टाकीत ठेवा. टाकीला दर काही वर्षांनी नवी बॅटरी घालावी लागत नाही.

पण पंप थेट पॅनेलला जोडला की गंमत सुरू होते. सकाळी आठला मीटर लावला तर पॅनेल 20 व्होल्ट दाखवतं, आणि मोटर ढिम्म. माणूस पंप बिघडला म्हणून दुकानात परत नेतो. दोष पंपाचा नसतो. पॅनेलचा व्होल्टेज कोवळ्या उन्हातही चढलेला असतो. उन्हाप्रमाणे कमी-जास्त होतो तो करंट. भर दुपारी 3 आंपियर देणारं पॅनेल तेव्हा जेमतेम अर्धा आंपियर देत असतं. थांबलेल्या मोटरला सुटायला त्याच्या कितीतरी पट करंट हवा. ती तो मागते, आणि पॅनेलचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. मीटरला काहीच ओढायचं नसतं, म्हणून तो खुशाल 20 दाखवतो.

इथं पंपाची जात महत्त्वाची. सेंट्रिफ्युगल, म्हणजे पंखा फिरवून पाणी फेकणाऱ्या पंपाचा पंखा हळू फिरताना फारसा भार घालत नाही, त्यामुळे तो लवकर सुटतो. मात्र वेग कमी तसं पाणी चढवायचं बळ वेगाच्या वर्गाने घटतं. वेग निम्मा, तर उंची पाव. म्हणून मोटर फिरतेय आणि नळीतून थेंब नाही, असं सकाळी दिसेल. डायफ्रॅम पंप, म्हणजे आतला लवचिक पडदा हलवून पाणी ढकलणारा, उंच चढवतो, पण पहिल्या फेरीपासूनच पूर्ण जोर मागतो. त्याच्यासाठी मध्ये करंट बूस्टर लावावा. तो 18 व्होल्ट-अर्धा आंपियरचे साधारण 4 व्होल्ट-2 आंपियर करून देतो. मोटर सावकाश का होईना, निघते.

खोक्यावर ‘हेड 5 मीटर, ताशी 800 लीटर’ असं छापलेलं असतं. हेड म्हणजे पाणी चढवायची उंची. ही दोन्ही एकदम मिळत नाहीत, बरं का. 5 मीटरवर धार शून्य होते, आणि 800 लीटर मिळतात ते नळी जमिनीवर आडवी ठेवली तर. हा छापील लबाडपणा सगळीकडे चालतो. आणि ‘12 व्होल्ट’च्या पॅनेलमधून, त्याला काहीच जोडलेलं नसताना, 21-22 व्होल्ट निघतात. पंपाला ते झेपतात का, हे लेबलवर नीट वाचा.

वायरीत कंजुषी नको. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर 20 मीटर नेली, जाऊन-येऊन 40 झाली, तर 3 आंपियरला जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जातो. एप्रिल-मेचं ऊन कडक असलं तरी पॅनेल तापलं की दर अंशाला सुमारे 0.4 टक्के ताकद घटते. म्हणून ते पत्र्याला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या. तोंड दक्षिणेला, कल 18-20 अंश. नारळाच्या एका झावळीची सावलीसुद्धा पंप थांबवते.

शेवटचं, ज्यांच्याकडे सरकारी योजनेतला 3 किंवा 5 एचपीचा सौर पंप आहे त्यांच्यासाठी. करंट-व्होल्टेजची ही जुळवणी तुमचा कंट्रोलर आपोआप करतो. पण तिथं पॅनेलं एकामागून एक जोडून शेकडो व्होल्ट होतात. पंप चालू असताना जोडाची पिन ओढलीत तर डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, ठिणगी तुटत नाही, जळतच राहते. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच, आणि नंतरच हात.