गंधाराविना दोन स्वर : पॉवर कॉर्ड, रिफ आणि उजवा हात

कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले स्वर, आणि रॉक संगीतात ज्या पॉवर कॉर्डवर असंख्य गाणी उभी आहेत, तिच्यात फक्त दोन स्वर असतात : षड्ज आणि पंचम. कोणी त्यात तार षड्ज मिळवतो, पण तो काही नवा स्वर नव्हे. कॉर्ड प्रसन्न वाटावी की उदास, हे ज्याच्यावर ठरते तो गंधार, शुद्ध असो वा कोमल, येथे मुळीच नसतो. गिटार शिकणारे बहुतेक जण ही कॉर्ड ‘सोपी’ म्हणून सुरुवातीलाच उचलतात आणि ती आपल्याला येते असे मानून पुढे जातात. मला आज एवढेच मांडायचे आहे की गंधार सोडल्यावर या कॉर्डपाशी रंग भरण्याचे साधन फारसे उरत नाही. तिला जे सांगायचे असते ते आघात, दाब आणि विराम यांतूनच सांगावे लागते. त्यामुळे रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा वाक्प्रयोग) रचणे आणि तालाचा सराव करणे ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

प्रथम गंधार का सोडला गेला ते पाहू, कारण त्यामागे आवडीनिवडीपेक्षा ध्वनिशास्त्र अधिक आहे. गिटारची सर्वांत जाड तार ‘ई’ या स्वरात, सुमारे ८२.४ हर्ट्झवर मिळवलेली असते आणि तिचा पंचम ‘बी’ सुमारे १२३.५ हर्ट्झवर येतो, म्हणजे दोघांचे प्रमाण जवळजवळ २ : ३ असते. स्वच्छ आवाजात हे दोन स्वर शेजारी शेजारी शांतपणे वाजतात. ॲम्प्लिफायर मात्र आवाज विकृत करू लागला, म्हणजे ज्याला आपण डिस्टॉर्शन म्हणतो ते सुरू झाले, की दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वरही त्यातून बाहेर पडतात. १२३.५ मधून ८२.४ वजा केले की सुमारे ४१ उरतात, आणि हा बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज होतो. कोणीही न छेडलेला खर्ज असा आपोआप खाली येऊन उभा राहतो, आणि पॉवर कॉर्डचा जो भारदस्तपणा आपल्याला जाणवतो त्याचे मोठे कारण हेच आहे.

आता हाच हिशेब गंधारासह करून पाहा. गिटारच्या फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, समान अंतराच्या स्वरपद्धतीने बसवलेल्या असतात. त्या पद्धतीत पंचम नैसर्गिक पंचमापेक्षा फक्त २ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पन्नासाव्या भागाने, उतरलेला असतो. शुद्ध गंधार मात्र तब्बल १४ सेंटने चढलेला असतो. साध्या आवाजात कान हा फरक पोटात घालतो, पण विकृत आवाजात त्याच्या बेरजा आणि वजाबाक्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि सगळी कॉर्ड गढूळ होते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे आपल्याकडे गाणे ऐकणाऱ्यांना सांगायला नको. पॉवर कॉर्डमध्येही नेमके तेच घडते, कारण वजाबाकीतून आलेल्या त्या ४१ हर्ट्झच्या खर्जाचा पाचवा उपस्वर हा शुद्ध गंधारच असतो. म्हणजे गंधार गेलेला नसतो, तो न वाजवताच मिळालेला असतो. त्याच्यावर आपण बोटाने चढा गंधार किंवा कोमल गंधार लादला, की दोन गंधारांची झटापट सुरू होते. म्हणून शहाणा वादक तेथे हात घालत नाही, आणि मुद्दाम घालतो तेव्हा गेन (ॲम्पमधील विकृतीचे प्रमाण) कमी करून घालतो.

इतिहासही याच वाटेने गेला आहे. १९५८ साली लिंक रे या अमेरिकी गिटारवादकाने ‘रंबल’ ही शब्दविरहित रचना ध्वनिमुद्रित केली. आवाज हवा तितका खरखरीत यावा म्हणून त्याने ॲम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली असे सांगितले जाते, आणि एकही शब्द नसताना काही रेडिओ केंद्रांनी ती रचना वाजवायला नकार दिला. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स या बँडचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने आपल्या लहानशा ॲम्पच्या स्पीकरचा कागद दाढीच्या ब्लेडने चिरला. आज पायाखाली डिस्टॉर्शनची एक छोटी पेटी ठेवून जे साधते, ते तेव्हा सामान फाडून साधावे लागत होते.

या क्रमात सर्वांत विचार करण्याजोगे उदाहरण बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी या गिटारवादकाचे आहे. १९६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे १९७१ मध्ये गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून तारांचा ताण आणखी कमी केला. दोन बोटांत मावणारी पॉवर कॉर्ड अशा हाताला सोयीची होती यात शंका नाही, परंतु केवळ सोय म्हणून ती त्याच्याकडे राहिली असे मला वाटत नाही. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७० च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील शीर्षकगीताचा रिफ तीनच स्वरांचा आहे : षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. लय अत्यंत विलंबित आहे आणि तीव्र मध्यम इतका वेळ लांबवलेला आहे की ऐकणारा पंचमाची वाट पाहतच राहतो. स्वर कमी झाले म्हणून तेथे काही उणे पडलेले नाही. प्रत्येक स्वर किती काळ ठेवायचा या एकाच निर्णयावर सगळी रचना तोललेली आहे.

येथून रिफच्या रचनेकडे वळू. रिफ म्हणजे एक-दोन किंवा चार आवर्तनांत पुरा होणारा, पुन्हा पुन्हा वाजणारा आणि गायक गप्प असतानाही गाण्याची ओळख सांगणारा वाक्प्रयोग. नवशिक्यांची रीत अशी असते की ते फ्रेटबोर्डवर बोटे फिरवत राहतात आणि काही बरे ऐकू आले की त्यालाच रिफ समजतात. माझा सल्ला याच्या उलट आहे. डावा तळहात तारांवर सैल ठेवून सगळे स्वर बंद करा आणि फक्त उजव्या हाताने, मेलेल्या तारांवर, ताल रचा. स्वरांची मदत नसताना जो ताल दोन मिनिटे ऐकवतो, त्याच्यावर कुठलाही स्वर बसवला तरी तो तग धरतो. जो ताल तेव्हाच कंटाळा आणतो, त्याला स्वरही वाचवू शकत नाहीत.

प्रत्यक्ष एक नमुना बांधून पाहू. चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेचे दोन भाग करा, म्हणजे आठ आघात मिळतील. त्यांची विभागणी तीन, तीन, दोन अशी करा : पहिला, चौथा आणि सातवा आघात खुला आणि जोरकस, बाकीचे पाच जाड तारेवर तळहाताने दाबलेले. पहिल्या आवर्तनात तीन खुल्या आघातांवर अनुक्रमे मोकळ्या तारेवरची, तिसऱ्या फ्रेटवरची आणि पाचव्या फ्रेटवरची पॉवर कॉर्ड घ्या, म्हणजे षड्ज, कोमल गंधार आणि मध्यम यांवर उभ्या असलेल्या कॉर्ड झाल्या. येथे कोमल गंधार हा कॉर्डच्या आत नसून कॉर्डच्या पायाशी आहे, एवढा भेद लक्षात ठेवावा. दुसऱ्या आवर्तनात चौथ्या आघातावर सहाव्या फ्रेटवरचा तीव्र मध्यम आणि सातव्यावर पुन्हा पाचव्या फ्रेटवरचा शुद्ध मध्यम घ्या, आणि आठवा आघात वाजवूच नका. हा आठवा आघात या रिफचा प्राण आहे. तो भरून काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तो भरला की पुढच्या आवर्तनाची सम बोथट होते.

रिफसाठी स्वरसमूहाची निवड हा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी हे पाच स्वर रॉकमधल्या बहुसंख्य रिफना पुरतात. आपल्याला त्यात धानी रागाचे स्वर ओळखू येतील, मात्र ओळखीपलीकडे तो संबंध ताणू नये. त्यात कोमल रिषभ आला की वातावरण एकदम कडवे होते, आणि रॉकच्या मेटल या जड प्रकाराने त्याचा मनसोक्त वापर केलेला आहे. हिंदुस्थानी संगीत ऐकलेल्या आपल्या तरुण वादकांना रिफच्या शेवटी तिहाई घालण्याची हौस असते. ती एखाद्या वेळी शोभते. दर चौथ्या आवर्तनाला आली की तिच्यात कौशल्य तेवढे दिसते आणि गाणे थांबते.

रिफ वाजवण्याची रीत ही रचनेचाच भाग असते, हे डीप पर्पल या रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्यातून चांगले कळते. बँडचा तेव्हाचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर तो रिफ पिकने (तारा छेडायच्या चकतीने) न वाजवता बोटांनी दोन्ही तारा एकदम खेचून वाजवतो, आणि त्याची जोडीही उलटी असते : पंचम खाली आणि षड्ज वर. शिकाऊ वादक तोच रिफ नेहमीच्या पॉवर कॉर्ड घेऊन, पिकने ठोकून वाजवतात. स्वरांची नावे जुळतात, पण मूळचा आटोपशीर, टणक आवाज येत नाही.

आता उजव्या हाताकडे येऊ, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. पाम म्यूट म्हणजे करंगळीच्या बाजूची तळहाताची कड ब्रिजवर (गिटारच्या पोटावर तारा जेथे टेकतात त्या भागावर) टेकवून तारांना अर्धवट दाबणे. कड ब्रिजच्या अगदी काठावर असेल तर स्वर ओळखू येतो आणि त्याला ठोसपणा मिळतो. ती काही मिलिमीटर जरी पुढे सरकली तरी स्वर मरून नुसता ठोका उरतो. रिफमध्ये या दोन्ही टोकांचा आणि मधल्या सगळ्या छटांचा उपयोग असतो, म्हणून एकाच लयीत वाजवत असताना हात पुढेमागे सरकवून आवाज कसा बदलतो ते ऐकणे हा स्वतंत्र सराव मानावा. गंधार गमावल्यानंतर या कॉर्डला जे रंग उरले आहेत, त्यांतील पुष्कळसे तळहाताच्या या कडेखाली आहेत.

आघाताच्या दिशेचा प्रश्नही असाच आहे. खाली जाणारा आघात जाड तारेवर प्रथम आणि हाताच्या वजनासह पडतो, तर वर येणारा आघात बारीक बाजूने येतो आणि बहुधा हलका होतो. एकामागून एक फक्त खालचे आघात केले की प्रत्येक ठोका सारखा आणि आग्रही लागतो. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा जॉनी रामोन याच रीतीसाठी ओळखला गेला. मेटालिका या मेटल बँडच्या जेम्स हेटफिल्डने १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये मिनिटाला २०० हून अधिक मात्रांच्या लयीत, मात्रेला दोन, असे खालचे आघात वाजवले आहेत. तेथवर पोहोचायचे तर बळ वाढवून भागत नाही. पिकचे टोक तारेत किती खोल जाते आणि तार सुटल्यावर हात किती दूर जातो, ही दोन्ही अंतरे घटवावी लागतात. कोपर ताठ झाले की वेग येत नाही आणि दुखणे मात्र येते. कळ जाणवली की त्या दिवशी थांबावे, यात शौर्य दाखवण्यासारखे काही नाही.

घोडदौड म्हणून ओळखला जाणारा नमुना एक लांब आणि दोन आखूड आघातांचा असतो. तबल्याच्या भाषेत त्याला ‘धा तिट’ म्हणता येईल, आणि तो हातात बसण्यापूर्वी तोंडाने म्हणून घ्यावा. नेहमीचा दोष असा की दोन आखूड आघात घाईने एकमेकांना चिकटतात आणि लांब आघात त्रिकाच्या, म्हणजे मात्रेच्या तीन समान भागांच्या, चालीने झुलू लागतो. उपाय म्हणून मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० वर ठेवा, हात मात्रेच्या चार समान भागांत खाली-वर फिरता ठेवा आणि दुसऱ्या भागाच्या वेळी तारेला न स्पर्श करता तो नुसता जाऊ द्या. हे स्थिर झाल्यावर मेट्रोनोमचा ठोका मात्रेवर न मानता दोन मात्रांच्या मध्ये माना. लय आपली आहे की यंत्राकडून उसनी घेतलेली आहे, हे तेव्हा लगेच कळते.

डाव्या हाताचे काम स्वर दाबण्याइतकेच स्वर थांबवण्याचेही आहे. पहिल्या बोटाच्या टोकाने मूळ स्वर दाबताना त्याच बोटाचा उरलेला भाग बारीक तारांवर हलका पसरलेला असावा. मूळ स्वर पाचव्या तारेवर असेल तर बोटाच्या टोकाने सहाव्या तारेला निसटता स्पर्श करून ती गप्प ठेवावी. विराम हवा असेल तेव्हा बोटे उचलू नयेत, फक्त दाब सोडावा, कारण बोट उचलताच तारेचा स्वतःचा नको असलेला आवाज निघतो. उलट गरजेपेक्षा जास्त दाबले तर तार ताणली जाऊन स्वर चढतो, आणि ज्या पंचमाचे प्रमाण इतके जुळलेले आहे म्हणून आपण ही कॉर्ड निवडली, तोच थरथरू लागतो.

प्रत्येक रिफचा सराव दोनदा करावा : एकदा डिस्टॉर्शनशिवाय आणि एकदा त्यासह. स्वच्छ आवाजात आघातांची असमानता आणि हुकलेले स्वर उघडे पडतात, जे गेनच्या दाबाखाली झाकले जातात. विकृत आवाजात मोकळ्या तारांची कुरबुर आणि उशिरा आलेले विराम उघडे पडतात, जे स्वच्छ आवाजात ऐकूच येत नाहीत. वाजवताना गेन आपल्याला हवा वाटतो त्यापेक्षा थोडा कमी ठेवावा, कारण घरात एकट्याने वाजवताना जो आवाज भरलेला वाटतो, तो ड्रम आणि बास यांच्या सोबतीत केवळ गुणगुण होऊन राहतो.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. रिफचा आवाज रुंद व्हावा म्हणून तो दोनदा मुद्रित करून एक वादन डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवण्याची प्रथा आहे. एकाच वादनाची प्रत काढून दोन्ही बाजूंना ठेवली तर काहीच रुंद होत नाही, तो आवाज मध्येच राहतो. दोन्ही वेळा खरोखर वाजवावेच लागते. अशा वेळी आघात बहुतेकांचे जुळतात, जुळत नाहीत ते विराम. एका बाजूची कॉर्ड थांबलेली असताना दुसरी क्षणभर वाजत राहिली, तर आपण मघाशी रिकामा ठेवलेला आठवा आघात भरून जातो. म्हणून दुसरे वादन मुद्रित करताना आपण पहिल्या वादनाचे आघात कमी आणि त्याची थांबण्याची जागा अधिक लक्ष देऊन ऐकावी.