पांढुरकं कडं

(दृश्य: अजिंक्यताऱ्याखालचं सातारा, सकाळ. कॉलेजची प्रयोगशाळा. स्टँडवर जांभळ्या टोपणाची नळी.)

एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीला इम्युनॉलॉजी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचं शास्त्र, बहुतेकदा एका पेपरापुरती येते. विडाल ही टायफॉइडची चाचणी, रक्तगट, अगारच्या जेलमध्ये उमटणाऱ्या रेषा. जर्नलवर सही झाली की पान उलटतं. संशोधनाकडे वळणाऱ्याचा हात मात्र बसतो तो रक्तातून लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढताना.

जांभळं टोपण म्हणजे आत ईडीटीए, रक्त गोठू नये म्हणून. एथिक्स कमिटीची परवानगी आणि देणाऱ्याची लेखी संमती आधी, सुई नंतर.

(दृश्य: तिरपी नळी, पिपेटचं टोक. अगदी जवळून.)

४ मिली रक्तात ४ मिली पीबीएस, म्हणजे पेशींना मानवणारं खारं पाणी, मिसळायचं. १५ मिलीच्या नळीत ४ मिली फायकॉल, पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव, घनता १.०७७. नळी तिरपी धरून, टोक काचेला टेकवून रक्त वरून सोडायचं, धार नव्हे, ओघळ. दोन थरांमधली रेघ सुरीनं कापल्यासारखी दिसली पाहिजे. रक्त फायकॉलमध्ये बुडी मारून गेलं, तर ती नळी गेलीच समजा.

फायकॉल फ्रिजमधून काढून लगेच वापरायचं नाही. थंडीत ते जड होतं, तांबड्या पेशीही एकमेकींना लवकर चिकटत नाहीत. त्या चिकटून गठ्ठ्यानं खाली बसतात, त्यावर तर सगळी मदार.

आता सेंट्रिफ्यूज, नळ्या गरगर फिरवणारं यंत्र. ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट ओढ), ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. सर्वांत जास्त नळ्या इथंच वाया जातात. सीनियरच्या वहीत ‘१५०० आरपीएम’ (मिनिटाला फेरे) लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं उतरवलं जातं. रोटरची, म्हणजे नळ्या धरून फिरणाऱ्या भागाची, त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर तेवढ्यावर ४०० जी मिळतात. १० सेंटिमीटरच्या रोटरवर जेमतेम २५०. त्या रोटरला १९०० च्या आसपास लागतात. वहीत आरपीएम नव्हे, जी लिहा.

(दृश्य: फिरतं यंत्र. भिंतीवरचं घड्याळ.)

ही ३० मिनिटं रिकामी जात नाहीत. शेजारच्या बाकावर नेटचे, म्हणजे संशोधन-अध्यापनाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, जुने पेपर उघडलेले असतात. लाइफ सायन्सेसच्या क भागात ७५ प्रश्न, त्यातले २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. चुकलं की त्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, म्हणजे १ गुण. पाठांतर इथं फारसं चालत नाही, आलेख वाचता यावा लागतो. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि पीएचडीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी अर्ज करता येतो.

पुण्याला नमुना न्यायचा असेल, तर नळी बर्फात ठेवू नका. साध्या तापमानाला, थर्मोकोलच्या खोक्यात, उभी. खंबाटकीत ट्रकची रांग लागली तरी चालेल, पण रक्त रात्रभर राहता कामा नये. शिळ्या रक्तातल्या ग्रॅन्युलोसाइट, दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी, हलक्या होतात आणि नको तिथं, लिम्फोसाइटच्या कड्यातच, येऊन बसतात.

(दृश्य: यंत्र हळूहळू थांबतं. झाकण उघडतं.)

ब्रेक लागला असता तर थर हेलकावून मिसळले असते. वर पिवळसर प्लाझ्मा, तळाशी तांबडं, मध्ये नितळ फायकॉल. आणि प्लाझ्मा-फायकॉलच्या सीमेवर धुक्यासारखं पांढुरकं कडं: लिम्फोसाइट आणि मोनोसाइट, याही पांढऱ्या पेशीच.

ते उचलताना हाव नको. फायकॉल जास्त ओढलं गेलं तर धुताना पेशी तळाला बसत नाहीत, आणि पेशी कुठं गेल्या म्हणून शोधाशोध होते. तिप्पट पीबीएस घालून ३०० जीवर १० मिनिटं, दोनदा.

मग ट्रायपॅन ब्लू हा रंग, पेशींच्या द्रवात निम्मं-निम्मं. मेलेली पेशी निळी, जिवंत चमकदार. पेशी मोजायच्या काचपट्टीवरच्या मोठ्या चौकोनात सरासरी ५० जिवंत पेशी दिसल्या, तर ५० गुणिले २ गुणिले १०,०००: मिलीमागे १० लाख. काठावरच्या पेशी वरच्या आणि डाव्या रेघेवरच्या तेवढ्या मोजायच्या, खालच्या-उजव्या सोडायच्या.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचा चौकोन. काउंटरचा टिक-टिक आवाज.)