लॅपटॉप घेताय? आधी कामं सांगा

नमस्कार मंडळी! निकाल लागले की आपल्या नाशकात घरोघरी एकच चर्चा, पोराला लॅपटॉप कुठला घ्यायचा. मग एमजी रोडला जायचं आणि पहिला प्रश्न काय, तर 'कितीला बसेल?' अहो विचारा की किंमत, पण त्याआधी घरी बसून एवढं ठरवा की त्यावर चालवायचंय काय, कारण प्रोसेसर आय-फाइव्ह घ्या नाहीतर आय-सेव्हन, रोजच्या कामात खरी अडचण होते ती लॅपटॉप चालवणारी सिस्टीम विंडोज, मॅक की लिनक्स ह्यावरून, आणि ती दुकानात नाही कळत, घरी आल्यावर कळते.

आता बघा, पिंपळगावला तुमची अडत आहे आणि हिशोब टॅलीत आहे, किंवा पोरगी सीएकडे आर्टिकलशिप करतेय. विषय संपला, विंडोज घ्या, टॅली विंडोजसाठीच बनवलंय. टेंडर भरायला तो डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागतो ना, तो मॅकवर, लिनक्सवर चालतो कधी कधी, नाही असं नाही, पण टेंडरच्या शेवटच्या दिवशी ड्रायव्हर, म्हणजे तो टोकन लॅपटॉपला ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, शोधत कोण बसणार! अंबड-सातपूरच्या कारखान्यांत डिझाइनचं काम असेल तर त्याचं सॉलिडवर्क्स सॉफ्टवेअरही विंडोजवरच. आणि पत्रिका, बॅनर छापणारी मंडळी, तुमच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येणाऱ्या मराठीत, नाहीत, त्या श्रीलिपी नाहीतर कृतिदेव फॉन्टमधल्या. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की 'शुभविवाह'च्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. सरळ मराठी टायपिंगचं म्हणाल तर त्याला कुठेच अडत नाही, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड तिन्हीकडे मिळतो.

विंडोजमध्येही खाचाखोचा आहेतच. 'डॉस व्हर्जन' म्हणून जो स्वस्तात देतात त्यात विंडोजचं लायसन नसतं. वर 'टेन्शन नको दादा, टाकून देतो' म्हणतात, तर ते टाकलेलं ओरिजिनल आहे का हे तिथेच सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडून बघा आणि लायसन बिलावर लिहून घ्या, लाजायचं काही कारण नाही, पैसे तुमचे आहेत. आणि ते नवे स्नॅपड्रॅगन चिपवाले विंडोज लॅपटॉप, बॅटरी झकास, पण जुना प्रिंटर नि तो टोकन त्यावर चालेलच असं नाही, कारण ड्रायव्हर त्या चिपसाठी वेगळा बनवावा लागतो.

मॅकचं काय? मशीन सुंदर आहे, वादच नाही. २०२० च्या शेवटी एम-वन चिप आली तेव्हापासून बॅटरीच्या बाबतीत तर मानायलाच पाहिजे, लाइट गेली तरी काम चालूच. लिहिणं, व्हिडिओ एडिटिंग, फोटो, ह्याला बेस्ट. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, घेतानाच काय ते ठरवा. आणि बीकॉमच्या पोराला निव्वळ सफरचंदासाठी मॅक घेऊन देणं मला तरी पटत नाही, राग नका मानू. क्रोमबुक सगळं ब्राउझरमध्येच करणाऱ्यांसाठी, पुढे बोलायलाच नको.

सेकंडहँडवाल्यांनो, तुम्ही नीट ऐका. विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर, त्यामुळे कंपन्यांमधून निघालेले सहाव्या-सातव्या जनरेशनचे लॅपटॉप आता स्वस्तात दिसतील. ते वाईट नाहीत! जुन्या हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाका, आठ जीबी रॅम करा आणि लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, चढवा, फुकट आहे. मुक्त विद्यापीठाचा अभ्यास, पीडीएफ, यूट्यूब, बँकेचं काम, सगळं होतं.

फक्त लगेच इन्स्टॉल करू नका. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, लॅपटॉपमधलं काही न पुसता. तसं चालू करा, वायफाय लागतंय का बघा, एखादं गाणं लावा, कॅमेरा उघडा, झाकण बंद करून पुन्हा उघडल्यावर स्क्रीन जागी होते का ते बघा, घरचा प्रिंटर जोडून एक पान काढा. सगळं जमलं तर मग खुशाल विंडोज पुसा, पण आधी फोटो दुसरीकडे काढून ठेवा बरं का.