वाटेचे विश्वस्त

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या खान्देशाला समुद्र नाही. पण समुद्राकडे पायी निघालेली माणसं दर हिवाळ्यात आपल्या दारावरून जातात. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून निघालेले हे नर्मदा परिक्रमावासी. मैया उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही, हा नियम. म्हणून आधी दक्षिण तटानं पश्चिमेकडे, मग गुजरातेत कठपोरला भरतीची वाट बघत थांबायचं, नावेनं समुद्रातून मिठी तलाईला उतरायचं आणि उत्तर तटानं परत फिरायचं. नदीच 1,312 किलोमीटर लांब, म्हणजे फेरी अडीच हजारांच्या वर जाते.

त्यातली महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली नर्मदा अवघी 54 किलोमीटर, तीही नंदुरबारच्या उत्तर टोकाला, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात. सरदार सरोवराचं पाणी चढलं, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ बुडालं आणि काठाकाठानं जायला काठच राहिला नाही. आता काही जण सातपुड्याच्या पाड्यांमधून वाट काढतात, तर बरेचसे शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे सडकेनं जातात. या सडकेवर मुक्कामाची सोय बघणाऱ्या एका छोट्या ट्रस्टचा मी विश्वस्त आहे.

विश्वस्त म्हटलं की लोकांना वाटतं, हार घालून घ्यायचे आणि फोटोत मधोमध उभं राहायचं. आमच्या सभेत मात्र सगळ्यात जास्त वेळ संडासावर जातो. हसू नका. अन्नदानाला पैसे मागावे लागत नाहीत. पोर पास झालं, कापसाला भाव लागला की माणूस गाडीतून तांदळाचं पोतं उतरवून जातो. पण दोनशे माणसं मुक्कामाला असली की सकाळी साडेचारला रांग कुठे लागते? टाकी भरायला बोअरची मोटर लागते, मोटरला वीजबिल लागतं, सफाईला माणूस लागतो आणि त्याला दरमहा पगार. या पगाराला देणगीदार मिळत नाही. नवी खोली बांधून द्यायला चार जण तयार असतात, कारण खोलीवर वडिलांच्या नावाची फरशी बसते. संडासाच्या दारावर वडिलांचं नाव कोण लावणार!

म्हणून आम्ही ठराव केला: नवं बांधकाम नको. नावाची फरशी हवी असेल तर त्या खोलीची दरसालची रंगरंगोटी, गळती, वीज, झाडलोट यांचा खर्च आधी बँकेत ठेवा. दोन मोठे देणगीदार रुसून गेले. जाऊ द्या. पावसाळ्यात पत्रे गळताना छतावर चढायला ते काही येणार नव्हते.

दुसरी खडाजंगी झाली स्वयंपाकावरून. पाड्यावरची एक बाई पहाटेपासून चुलीपुढे असते. चूल पेटते, खिचडीचं पातेलं चढतं, भाकऱ्या थापता थापता दुपार होते. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "मैयाच्या सेवेला मजुरी कशी लावायची?" त्यावर आमच्या ताई, त्याही विश्वस्त, शांतपणे म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही दोन दिवस वाढायला येता ती सेवा. ती रोज येते, तिच्या घरी पण चूल आहे." त्या महिन्यापासून मजुरी सुरू झाली, बँक खात्यात. मला विचाराल तर ट्रस्टनं केलेलं सगळ्यात धार्मिक काम हेच.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ते रटाळ आहे आणि तिथंच ट्रस्ट बुडतात. नवा विश्वस्त आला किंवा जुना गेला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. हिशेब दरवर्षी तपासून घ्यायचा. रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला 80जी ची करसवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधीच सांगायचं. नंतर सांगितलं की भांडण. आणि विश्वस्ताच्या मेहुण्याच्या दुकानातून सिमेंट आणायचं नाही, फुकट देत असला तरी. हे मी लग्नाच्या पंगतीत बोललो होतो, मेहुण्यासमोर. असो.

सडकेचं मात्र काळजीचं आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर ऐन परिक्रमेच्या दिवसांत ऊस भरलेले ट्रॅक्टर धावतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, मागचा दिवा बहुधा बंद. त्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा, घोड्यांचा बाजार, गाड्यांची वर्दळ. पांढऱ्या कपड्यातला म्हातारा पहाटेच्या धुक्यात दिसत नाही. म्हणून मुक्कामाच्या वहीवर शिक्का मारताना आम्ही प्रत्येकाच्या पाठपिशवीला चमकणारी पट्टी शिवून देतो. एक बुवा म्हणाले, "मैया सांभाळते." मी म्हटलं, "सांभाळते बुवा, पण ट्रॅक्टरवाल्याला दिसू तर द्या!"

इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर 630 मैलांची एक पायवाट आहे, साउथ वेस्ट कोस्ट पाथ. तस्करांवर नजर ठेवायला तटरक्षक ज्या वाटेनं फिरत, तीच पुढे चालणाऱ्यांची झाली. तिच्यासाठी 1973 पासून एक संस्था काम करते. तिथं समुद्र कडा खातो, वाट ढासळते, मग जमीनमालकाशी बोलून ती आत सरकवावी लागते. त्यांची वाट समुद्रानं हलवली, आमची धरणानं. फरक असा की आमच्याकडे वाट जिथं सरकली, ती घरं आधीच धरणानं उठवलेल्या माणसांची. डोंगरातल्या पाड्यावर शंभर माणसं पाणी मागायला उभी राहिली, तर तिथल्या बाईला आणखी लांबून हंडा आणावा लागतो. म्हणून डोंगरातून जाणाऱ्यांचे जथे लहान ठेवा, पाड्यावर आधी निरोप द्या, शिधा आपला न्या, एवढं आम्ही सांगतो. काही ऐकतात.

आमच्या मंडळात सध्या साठीच्या आतलं कोणी नाही. भजन सांगणारे पुष्कळ मिळाले. बँकेचं स्टेटमेंट वाचणारा आणि रात्री दोनला मोटर जळाल्याचा फोन उचलणारा एखादा पोरगा किंवा पोरगी हवी आहे. मानधन नाही. चहा मिळेल, तोही ट्रस्टच्या नाही, माझ्या खर्चानं.

नर्मदे हर.