पाचोळ्यातला चाप

(साताऱ्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

यवतेश्वरचा घाट चढून कासला तुम्ही सगळेच कधी ना कधी गेला असाल. पठारावर नजर फुलांवरून हलत नाही, ते साहजिकच आहे. मी आज तुम्हाला पठार सोडून कडेच्या झाडीत नेणार आहे. तिथे अंजनी-जांभळाच्या सावलीत पाचोळ्याचा घोटाभर थर साचलेला असतो. त्यावरून चालताना आपण एका शिकाऱ्याच्या रानातून चालत असतो. हा शिकारी म्हणजे एक मुंगी. आकार 2 ते 3 मिलिमीटरचा, म्हणजे राजगिऱ्याच्या एक-दोन दाण्यांएवढा.

मागच्या ऑक्टोबरात जावळी तालुक्यातल्या एका देवराईत मी आजोबांचं जुनं धोतर अंथरून बसले होते. गहू चाळायच्या चाळणीत ओंजळ-ओंजळ पाचोळा घ्यायचा, हलवायचा आणि धोतरावर काय पडतं ते पाहायचं. पडली नुसती माती. पाच-सात मिनिटं काहीच हललं नाही. मग मातीचा एक कण चालायला लागला. हातभिंग लावलं तर पत्त्यातल्या बदामासारखं डोकं दिसलं, टोक पुढे असलेलं, आणि त्या टोकातून समोर निघालेल्या दोन लांब दांड्या. तोच तिचा जबडा. ही स्ट्रुमिजेनिस. मराठीत हिला नाव नाही, कारण ती कधी साखरेच्या डब्यात आली नाही, की कुणाच्या पायाला चावली नाही.

पकडायला गेलं की ही पळत नाही. पाय पोटाशी घेऊन गप्प पडून राहते, आणि पुन्हा मातीचा कण होते. घरातल्या अनेक मुंग्यांच्या मिशीला 12 पेरं असतात, हिच्या मिशीला बहुधा 4 ते 6. कमरेला दोन मणी असतात आणि त्यांच्याभोवती स्पंजासारखी जाळी. ही कंबर लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

हिचं मुख्य अन्न म्हणजे स्प्रिंगटेल. कुंडीतली ओली माती उकरली की टुणकन उडणारे पांढुरके जीव दिसतात ना, तेच. स्प्रिंगटेलच्या पोटाखाली एक दुमडलेली शेपटी असते. धोका जाणवला की ती जमिनीवर आपटते आणि प्राणी उडून लांब पडतो. अशा भक्ष्यामागे धावण्यात अर्थच नाही. म्हणून आपली मुंगी धावत नाही. ती पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. लांब जबड्याच्या जातींमध्ये जबडा जवळजवळ सरळ रेषेत, 180 अंशांपर्यंत उघडलेला असतो. तोंडाजवळचे बारीक केस भक्ष्याला टेकले, की जबडा मिटलाच. बहुतेक वेळा ती भक्ष्याला तसंच वर उचलून धरते, म्हणजे शेपटी आपटायला जमीनच उरत नाही, आणि मग पोट पुढे वळवून नांगी मारते.

हा वेग येतो कुठून? नुसत्या स्नायूच्या जोरावर कुठलाही प्राणी इतक्या चटकन हालचाल करू शकत नाही. गलोल आठवा. रबर आपण सावकाश ताणतो, दगड मात्र एका क्षणात सुटतो. इथेही स्नायू सावकाश ताण भरतो, आणि मिटू पाहणाऱ्या जबड्याला एक खीळ अडवून धरते. स्ट्रुमिजेनिसमध्ये ही खीळ म्हणजे तिचा वरचा ओठ. ओठ बाजूला झाला की चाप सुटतो. ओडोन्टोमॅकस नावाच्या मोठ्या मुंगीकडेही असाच चाप आहे, पण तिथे जबड्याचा सांधाच अडकतो, ओठाचा संबंध नाही. अमेरिकेतल्या तिच्या एका जातीचा जबडा 2006 साली मोजला गेला, तेव्हा ताशी 126 ते 230 किलोमीटर वेग भरला. काम एकच, पण कुलूप वेगळं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण वर्गीकरणाचा सगळा गोंधळ इथूनच सुरू झाला.

कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्मिथ यांनी 1860 मध्ये स्ट्रुमिजेनिस हे प्रजातीचं (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, इंग्रजीत जीनस) नाव दिलं. दोनच वर्षांत रॉजर यांनी पिरॅमिका हे दुसरं नाव आणलं. पुढे आखूड जबड्याच्या, लांब जबड्याच्या, वेगळ्या दातांच्या मुंग्या सापडत गेल्या आणि प्रत्येकीसाठी नवी प्रजाती होत गेली. आखूड जबड्याच्या मुंग्यांचा जबडा लांब जबड्यासारखा उघडत नाही. त्या भक्ष्याच्या अगदी जवळ जाऊन त्याला धरतात आणि सोडत नाहीत. बॅरी बोल्टन यांनी 1999 आणि 2000 मध्ये हा पसारा आवरला आणि बहुतेक सगळ्यांना दोन घरांत बसवलं. चाप असलेल्या स्ट्रुमिजेनिसमध्ये, बाकीच्या पिरॅमिकात. 2007 मध्ये बारोनी उर्बानी आणि दि आंद्राद यांनी दोन्ही घरं एक केली. आज या एका प्रजातीत 850 हून जास्त जाती आहेत.

आपल्याकडे भावकी ठरवताना कुणी नाकडोळे बघत नाही, कुळ बघतात. इथे नेमकं उलटं झालं होतं. तोंडं बघून भावकी मांडली गेली. 2021 मध्ये डीएनएवरून या मुंग्यांची वंशावळ प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसलं की चाप या प्रजातीत एकदा आलेला नाही. तो वेगवेगळ्या शाखांत, वेगवेगळ्या खंडांत, 7 ते 10 वेळा स्वतंत्रपणे घडला. म्हणजे लांब जबड्याच्या दोन मुंग्या एकमेकींच्या दूरच्या, आणि त्यातल्या एकीची सख्खी बहीण आखूड जबड्याची, असं होऊ शकतं. त्याआधी 2015 मध्ये डीएनएनेच आणखी एक सोयरीक उघड केली होती. ही शिकारी मुंगी आणि पानं कापून बुरशीची शेती करणाऱ्या अमेरिकेतल्या मुंग्या एकाच गटात येतात.

थोडं बाजूला जाऊन एक सांगते, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपले डोंगर पेटवले जातात, पुढच्या वर्षी गवत चांगलं येईल या समजुतीने. वणवा झाडीत शिरला की आधी पेटतो तो हाच पाचोळा. या मुंगीची वसाहत असते काही डझन, फार तर काही शे जणींची. कुजक्या फांदीत, पानांच्या थरात, दगडाखाली. घर आणि शिकार दोन्ही एकाच थरात, आणि पळणं तर हिला येतच नाही. कृपा करून आपापल्या गावात याबद्दल बोला.

मागच्या टेबलावर दोन सूक्ष्मदर्शकं लावून ठेवली आहेत. एकाखाली लांब जबड्याची, दुसऱ्याखाली आखूड जबड्याची स्ट्रुमिजेनिस आहे. रांगेने या, आणि मुलांना पुढे सोडा. जबड्यावर नजर जाईलच, पण आधी दोघींची कंबर बघा.