दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून

(अलिबाग येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. एक खांदेरी, दुसरं उंदेरी. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणापासून पाहिली आहेत. 1679 च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांची माणसं खांदेरीवर उतरली आणि मायनाक भंडारींच्या देखरेखीखाली तटाचं काम सुरू झालं. तिथे पिकण्यासारखं काही नव्हतं, वसूल करण्यासारखा महसूल नव्हता. पण तिथून मुंबई बंदराच्या तोंडावर आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या गलबतांवर नजर ठेवता येत होती. मुंबईचे इंग्रज आरमार घेऊन आले, लढाया झाल्या, खांदेरी काही हटली नाही. मग 1680 च्या सुरुवातीला सिद्दीने काय केलं? शेजारची उंदेरी ताब्यात घेऊन तिच्यावर तट बांधायला घेतला. खांदेरीचं उत्तर उंदेरी.

आजचा माझा विषय या दोन बेटांपासून फार दूरचा आहे, पण तो समजून घ्यायला अलिबागकरांइतके चांगले श्रोते मला मिळायचे नाहीत. संरक्षणासाठी बेट घेणं म्हणजे काय, हे तुमच्या डोळ्यांसमोर रोज उभं असतं. फरक एकच, आणि तो मोठा आहे. खांदेरीवर गाव नव्हतं. अमेरिकेने संरक्षणासाठी विकत घेतलेल्या ज्या बेटांबद्दल मी बोलणार आहे तिथे 26 हजार माणसं राहत होती.

ही बेटं कॅरिबियन समुद्रातली : सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय. तिन्ही मिळून सुमारे 350 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांच्या निम्म्याहून थोडी अधिक जमीन. 1917 पर्यंत ती डेन्मार्कची होती. आज त्यांना अमेरिकेची व्हर्जिन बेटं म्हणतात. डेन्मार्कचं नाव आपल्याला वसाहतींच्या संदर्भात चटकन आठवत नाही, पण तमिळनाडूतलं तरंगंबाडी त्यांचं होतं, बंगालमधलं श्रीरामपूर त्यांचं होतं. ही दोन्ही ठाणी त्यांनी 1845 मध्ये साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकली. निकोबारवरही त्यांचा दावा होता, तो सोडल्यावर 1869 मध्ये इंग्रजांनी निकोबार ताब्यात घेतलं. म्हणजे दूरच्या जमिनी विकण्याची डेन्मार्कला सवय होती.

सेंट थॉमसवर शार्लट अमाली हे बंदर आहे. डोंगरांनी वेढलेलं, खोल पाण्याचं, आणि अटलांटिकमधून कॅरिबियनमध्ये शिरायच्या वाटेवरचं. सेंट क्रॉयवर ऊस. उसासाठी आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. 3 जुलै 1848 ला सेंट क्रॉयच्या गुलामांनी फ्रेडरिकस्टेडच्या किल्ल्यासमोर जमून स्वातंत्र्य मागितलं आणि गव्हर्नर फॉन शोल्टेन यांना ते तिथल्या तिथे जाहीर करावं लागलं. पण पुढच्याच वर्षी असा कायदा आला की मजुराने वर्षभराच्या कराराने एकाच मळ्याला बांधून राहायचं. साखळी गेली, दोर आला. त्यातून 1878 मध्ये जो वणवा पेटला त्याला तिथले लोक आजही 'फायरबर्न' म्हणतात. मेरी थॉमस ही बाई त्या उठावाच्या पुढाऱ्यांपैकी एक. लोक तिला 'क्वीन मेरी' म्हणत.

इथे थोडं थांबतो, कारण या मळ्यांवर आपलीही माणसं गेली होती. 1863 मध्ये कलकत्त्याहून 'मार्स' नावाचं जहाज सव्वातीनशेच्या आसपास गिरमिटिया, म्हणजे मुदतीच्या कराराने बांधलेले, मजूर घेऊन सेंट क्रॉयला पोचलं. प्रयोग फसला, मुदत संपल्यावर बरेचसे परतले. ते तिथे काय बोलत असतील, आठवड्याच्या शेवटी कुठे बसत असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता खरेदीकडे येतो. अमेरिकेने ही बेटं एकदा नव्हे, तीनदा मागितली. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या राज्यांच्या आरमाराला कॅरिबियनमध्ये कोळसा भरायला, जहाज दुरुस्त करायला स्वतःचं बंदर नव्हतं. ही अडचण परराष्ट्रमंत्री विल्यम सुवर्ड यांच्या ध्यानात राहिली. 1867 मध्ये त्यांनी सेंट थॉमस आणि सेंट जॉन या दोन बेटांचा तह केला, किंमत 75 लाख डॉलर. त्याच वर्षी रशियाकडून घेतलेल्या अख्ख्या अलास्काला 72 लाख पडले होते. तह होतो न होतो तोच आधी चक्रीवादळ आलं, मग 18 नोव्हेंबरला भूकंप झाला आणि समुद्र उसळला. अमेरिकेची 'मोनोंगाहेला' ही युद्धनौका लाटेने फ्रेडरिकस्टेडच्या किनाऱ्यावर नेऊन टाकली. जानेवारी 1868 मध्ये बेटांवर मतदान घेतलं गेलं. मताधिकार मूठभरांनाच होता, तरी विचारलं गेलं. 1,244 जणांनी हो म्हटलं, 22 जणांनी नाही. डेन्मार्कने मंजुरी दिली. अमेरिकेच्या सिनेटने मात्र तह तसाच पडू दिला. लक्षात ठेवा : रहिवाशांना अधिकृतपणे विचारलं गेलं ते याच वेळी, जेव्हा व्यवहार झालाच नाही तेव्हा.

दुसरी खेप 1902 ची. साखरेचा धंदा पडला होता, बेटांचा भाव उतरला होता. तिन्ही बेटं मिळून 50 लाख. या वेळी सिनेट तयार झालं, आणि डेन्मार्कच्या वरिष्ठ सभागृहात 32 विरुद्ध 32 अशी समसमान मतं पडून तह बारगळला. एका मताने या बेटांचं सार्वभौमत्व 15 वर्षं पुढे गेलं.

तिसऱ्या खेपेला भावाचं गणितच बदललं, कारण दोन गोष्टी घडल्या. ऑगस्ट 1914 मध्ये पनामा कालवा सुरू झाला. त्याच महिन्यात युरोपात महायुद्ध पेटलं. कालवा म्हणजे अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी दोरी, आणि त्या दोरीकडे जाणाऱ्या वाटेवर सेंट थॉमस. त्याच सेंट थॉमसमध्ये हांबुर्ग-अमेरिका या जर्मन जहाज कंपनीचं मोठं ठाणं होतं. जर्मनीने डेन्मार्क गिळलं तर? मे 1915 मध्ये जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज बुडवल्यावर हा 'तर' रात्रीची झोप उडवणारा झाला. जर्मनीने त्या क्षणी बेटं मागितली नव्हती. भीती पुढची होती.

नोव्हेंबर 1915 मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी डॅनिश राजदूत कॉन्स्टंटिन ब्रुन यांना जे सांगितलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकं वाटतं. डेन्मार्क एखाद्या मोठ्या सत्तेच्या पोटात गेलं, किंवा डेन्मार्कने ही बेटं अशा सत्तेला द्यायची ठरवली, तर अमेरिकेला ती ताब्यात घ्यावी लागतील. वाटाघाटीच्या टेबलावर पैसे होते, हे खरं. पण टेबलाखाली जहाजं होती. अशा सौद्याला आपण खरेदी म्हणतो, कारण पावती मिळते. त्यात विकणाऱ्याची मर्जी किती होती याची नोंद पावतीवर नसते.

4 ऑगस्ट 1916 ला न्यूयॉर्कमध्ये तह झाला. किंमत अडीच कोटी डॉलर, सोन्याच्या नाण्यांत. शिवाय त्याच दिवशी लॅन्सिंग यांनी लेखी जाहीर केलं की डेन्मार्कने संपूर्ण ग्रीनलंडवर आपले राजकीय आणि आर्थिक हितसंबंध वाढवले तर अमेरिकेची हरकत राहणार नाही. एका समुद्रातली बेटं घेताना दुसऱ्या समुद्रातल्या बेटाबद्दल शब्द दिला. 1946 मध्ये याच अमेरिकेने ग्रीनलंडसाठी 10 कोटी डॉलरचं सोनं देऊ केलं, आणि 2019 पासून अमेरिकेचे नेते पुन्हा उघडपणे त्या बेटाची मागणी करू लागले. कारण तेच सांगतात : संरक्षण.

14 डिसेंबर 1916 ला डेन्मार्कमध्ये सार्वमत झालं. विक्रीच्या बाजूने 2,83,670, विरोधात 1,58,157. कोपनहेगनच्या माणसाने मत दिलं, जटलंडच्या शेतकऱ्याने दिलं. सेंट क्रॉयच्या उसतोड्याला मत नव्हतं. मालकाने चाळ विकली आणि खरेदीखतावर बिऱ्हाडकरूंची सही कुणी मागितली नाही, असा हा प्रकार. त्यांना ती विक्री नको होती असं समजू नका. बेटांवर लोकांनी स्वतःच अनौपचारिक मतदान घेतलं, त्यात 4,027 विक्रीच्या बाजूने आणि 7 विरोधात. डेव्हिड हॅमिल्टन जॅक्सन हा सेंट क्रॉयचा शिक्षक 1915 मध्ये डेन्मार्कला जाऊन राजाला भेटला होता, परत येऊन त्याने 'हेराल्ड' हे वृत्तपत्र काढलं, मजुरांची संघटना बांधली, 1916 मध्ये संप केला. तोही अमेरिकेच्या बाजूने होता. त्यांना वाटत होतं की आपण एका प्रजासत्ताकाचे नागरिक होणार. त्या 4,027 मतांत किती आशा होती, हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा अस्वस्थ होतो.

31 मार्च 1917. शार्लट अमालीत दुपारी डॅनिश झेंडा उतरला, अमेरिकी झेंडा चढला. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये ब्रुन यांच्या हाती अडीच कोटींचा कागद दिला गेला. सहा दिवसांनी, 6 एप्रिलला, अमेरिका युद्धात उतरली. दीड वर्षाने युद्ध संपलं, जर्मनीचं आरमार गेलं, आणि ज्या भीतीपायी बेटं घेतली ती भीतीही गेली. बेटं राहिली. माणसं राहिली.

आणि मग प्रश्न आला, या माणसांचं करायचं काय? तहात नागरिकत्वाचा उल्लेख होता. वॉशिंग्टनने त्याचा अर्थ असा लावला की हे लोक अमेरिकेचे आश्रित आहेत, पूर्ण नागरिक नाहीत. नागरिकत्वाचा कायदा झाला 1927 मध्ये, दहा वर्षांनी. तोवर, आणि पुढे 1931 पर्यंत, कारभार नौदलाकडे. गव्हर्नर नौदलाचा अधिकारी. डॅनिश काळातले कायदे बरेचसे तसेच चालू ठेवले, त्यामुळे मालमत्ता किंवा ठरावीक उत्पन्न असेल त्यालाच मत, ही अट 1936 पर्यंत टिकली. नौदलाने रुग्णालयं सुधारली, पाण्याची सोय केली, हे सांगितलंच पाहिजे. पण दारूबंदी बेटांवरही लागू झाली आणि रमचा धंदा बसला. 1931 मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर तिथे गेले आणि या बेटांना गरीबखान्याची उपमा देऊन आले, ती घेतलीच नसती तर बरं झालं असतं अशा अर्थाचं बोलले. तिथल्या लोकांना ते शब्द लागले. का लागू नयेत? त्यांनी कुणाला निमंत्रण धाडलं नव्हतं.

बंदराचं म्हणाल तर ज्यासाठी इतकं सोनं मोजलं तो मोठा नाविक तळ पहिल्या दोन दशकांत कधी उभाच राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात सेंट थॉमसवर पाणबुड्यांचा तळ झाला. शहराच्या त्या भागाला लोक अजून 'सब बेस' म्हणतात. तिथे आता दुकानं आणि गोद्या आहेत.

गव्हर्नर निवडायचा हक्क मिळाला आणि पहिली निवडणूक झाली 1970 मध्ये, हस्तांतरानंतर 53 वर्षांनी. 2020 च्या जनगणनेत तिथे 87 हजार माणसं होती. ती अमेरिकेची जन्मजात नागरिक आहेत, अमेरिकेच्या सैन्यात जातात, युद्धात मरतात. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत बेटावरून त्यांना मत देता येत नाही. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात त्यांचा एक प्रतिनिधी बसतो. त्याला भाषण करता येतं, विधेयक मांडता येतं, समितीत मत देता येतं. विधेयक शेवटच्या मतदानाला आलं की बाकीचे मत नोंदवतात आणि तो बसून राहतो.