तीन दिवसांच्या ट्रेकची सॅक: घ्यायची कशी, भरायची कशी

[कॅमेऱ्यासमोर. मागे भिंतीला टेकवलेल्या दोन सॅक, जमिनीवर सामान पसरलेलं.]

नमस्कार मंडळी! दिवाळी संपली की रेंज ट्रेकचे, म्हणजे एका गडावरून दुसऱ्या गडावर चालत जायच्या ट्रेकचे बेत सुरू होतात. कुणी राजगड-तोरणा ठरवतं, कुणी रतनगड ते हरिश्चंद्रगड. आणि मग हमखास विचारणा होते: "सॅक किती लिटरची घेऊ? पन्नास की सत्तर?"

लिटरचं आपण शेवटी बघू. आधी तुमची पाठ मोजू. सॅक तुमच्या पाठीला बसत नसेल तर ती पन्नासची असो की सत्तरची, दुसऱ्या दिवशी दुपारी खांदे भरून येणारच.

घरात शिवणकामाची टेप असेल ती घ्या आणि कुणाला तरी मदतीला बोलवा. मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी एक मणका टचकन वर येतो, बोटाला लगेच लागतो. मोजायला सुरुवात तिथून. आता दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. कमरेच्या हाडाची वरची कड हाताला लागेल, तिच्यावर हात टेकवा. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते, तिथपर्यंत टेप सरळ खाली आणा. हे अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. साधारण 40 ते 50 सेंटीमीटरच्या आसपास येते, पण उंचीवरून अंदाज बांधू नका. पावणेसहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. सॅकच्या लेबलवर स्मॉल, मीडियम, लार्ज लिहिलेलं असतं ते या लांबीवरून, शर्टाच्या मापावरून नाही.

मैत्रिणींनो, तुमच्यासाठी वेगळ्या बनवलेल्या सॅक मिळतात. त्यांची पाठ आखूड असते, खांद्याचे पट्टे जवळजवळ असतात आणि कमरेच्या पट्ट्याला वेगळा बाक असतो. भावाची सॅक आहे म्हणून तीच नेऊ, असं करण्याआधी ही एकदा पाठीवर घालून बघा.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात काही अर्थ नाही. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. दहा-बारा किलो वजन आत घालायला सांगा. चांगल्या दुकानात त्यासाठी वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. नसतील तर दोर, तंबू, जे असेल ते भरून द्या म्हणा.

[सॅक उचलून पाठीवर घेतो.]

आता क्रम बघा, कारण बहुतेक जण इथेच उलटं करतात. आधी सगळे पट्टे सैल करायचे. मग कमरेचा पट्टा. त्याच्या गादीचा मधला भाग बरोबर कमरेच्या हाडावर आला पाहिजे, पोटावर नाही. तो घट्ट आवळा. मग खांद्याचे पट्टे, पण बेताने. मग खांद्याच्या वर हे जे दोन छोटे पट्टे दिसताहेत, लोड लिफ्टर, ते हलके ओढा म्हणजे सॅकचा वरचा भाग मागे लोंबकळत नाही. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी. आता खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघा. सहज जातायत? म्हणजे वजन कमरेवर आलं. बहुतांश ओझं कमरेने आणि पायांनी उचलायचं असतं, खांद्यांनी सॅक फक्त धरून ठेवायची असते.

ऑनलाइन शोधताना तुम्हाला मळकट हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या, उघड्या फ्रेमच्या दणकट सॅकसुद्धा दिसतील. त्या मुळात शिकारीसाठी बनवलेल्या असतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण अमेरिकेत परवाना काढून एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार होते आणि लोक त्यासाठी कित्येक दिवस डोंगरात राहतात. जाताना त्यांच्या पाठीवर थोडंसं सामान असतं, परत येताना एकेका खेपेला पंचवीस-तीस किलो मांस. म्हणून ती फ्रेम जाड असते, आणि फ्रेम व पिशवी यांच्यामध्ये मांस बांधायला मोकळी जागा ठेवलेली असते. आपलं गणित नेमकं उलटं आहे. पहिल्या दिवशी सकाळी ओझं सगळ्यात जास्त, मग एकेका जेवणाने ते कमी होत जातं. आपल्याला लागते ती हलकी आणि आवळून लहान करता येणारी सॅक, म्हणजे दोन्ही बाजूंना आडवे पट्टे असलेली. मात्र त्या शिकाऱ्यांकडून एक गोष्ट जरूर घ्यावी: सगळ्यात जड वस्तू पाठीच्या कण्याला चिकटवून बांधायची.

आता लिटर. तंबू आणि स्लीपिंग बॅग घेऊन तीन दिवसांसाठी 50 ते 60 लिटर पुष्कळ झाले. सत्तरची घेतलीत तर ती भरली जाणारच. जागा दिसली की आपण जास्तीचं स्वेटर कोंबतो.

[जमिनीवरच्या सामानाकडे कॅमेरा.]

हे सगळं मी वजनकाट्यावर ठेवून बघितलंय. सॅक 1.8 किलो. स्लीपिंग बॅग 1.2. मॅट 400 ग्रॅम. दोघांच्या तंबूतला माझा वाटा 1.3. कपडे 1.2. गॅस आणि भांड्यांतला वाटा 700 ग्रॅम. खाणं दीड किलो. टॉर्च, औषधं, दोरी असं किरकोळ 900 ग्रॅम. आणि पाणी 3 लिटर, म्हणजे सरळ 3 किलो. झाले 12 किलो. साठ किलोच्या माणसाने पाठीवर आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत घ्यावं असं धरतात, म्हणजे आपण अगदी काठावर आहोत. आणि या यादीत सगळ्यात जड काय आहे? पाणी. सह्याद्रीत पाणीच सगळं ठरवतं. डिसेंबरात 3 लिटर चालतील, मार्चनंतर चार-पाच लिटर लागतात आणि गडावरची कातळात खोदलेली पाण्याची टाकी आटलेली असतात ती वेगळीच.

म्हणून वाट समोर ठेवून भरा. रतनवाडीतून अमृतेश्वराचं दर्शन घेऊन निघालात, रतनगड केलात, मग कात्राबाईची खिंड उतरून कुमशेत, तिथून पाचनई आणि वर हरिश्चंद्रगड. या वाटेवर गावं आहेत. आधी फोन करून सांगून ठेवलंत तर कुमशेतला, पाचनईला घरात गरम पिठलं-भाकरी मिळते. मग तीन दिवसांचा तांदूळ, डाळ आणि डबल गॅस पाठीवर कशाला? गावात जेवा, त्यांना पैसे द्या. सॅक हलकी होते आणि त्या घराला चार पैसे मिळतात. माझ्या मते रेंज ट्रेकचं सामान कमी करायचा याहून चांगला मार्ग नाही. स्वतःसाठी एका वेळचे दडपे पोहे किंवा ठेपले, गूळ-शेंगदाणे, खजूर आणि ओआरएसची पाकिटं एवढं ठेवा. मुंबई-पुण्याहून रेल्वेने येणार असाल तर गॅसचा कॅन बरोबर आणू नका, रेल्वेत ज्वलनशील गॅस नेता येत नाही.

भरायला सुरुवात करू. सगळ्यात आधी आत एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी. बाहेरच्या रेन कव्हरवर माझा अजिबात भरवसा नाही. सह्याद्रीच्या वाऱ्यात ते फुगतं, आणि पाठीकडून, पट्ट्यांच्या शिवणीतून पाणी आत येतंच. आतली पिशवी पिळून गुंडाळली की स्लीपिंग बॅग कोरडी. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर रात्री पारा एक आकडी होतो, तेव्हा ओल्या स्लीपिंग बॅगने जीव नकोसा होईल.

[सॅक भरून दाखवतो.]

स्लीपिंग बॅग तळाला, कारण ती रात्रीशिवाय लागत नाही. तिच्यावर, पाठीला चिकटून, पाण्याची 2 लिटरची बाटली उभी, शेजारी खाणं आणि भांडी. ही जागा बघा, खांद्याच्या पात्यांच्या मधोमध. जड सामान इथे. त्याच्या बाहेरच्या बाजूला कपडे, मऊ गादीसारखे, म्हणजे बाटली हलत नाही. तंबूचे पोल एका कडेला उभे. जॅकेट सगळ्यात वर. हूडच्या, म्हणजे सॅकच्या वरच्या झाकणाच्या कप्प्यात टॉर्च, औषधं आणि कचऱ्याची पिशवी. बाजूच्या कप्प्यात 1 लिटरची बाटली, पण खाऊची पाकिटं तिथे नकोत. गडांवर माकडं असतात आणि ती कप्पे उघडायला शिकलेली आहेत.

एक फरक सांगतो. सपाटीवर चालताना वजन उंच असलेलं बरं, पण कातळटप्प्यावर, शिडीवर तेच वजन तुम्हाला मागे खेचतं. रतनगडाला लोखंडी शिड्या आहेत. तिथे जायच्या आधी पाच मिनिटं थांबा, पाण्याची बाटली एक थर खाली घ्या आणि सगळे बाजूचे पट्टे आवळा. मॅट आडवी बांधलेली असेल तर ती उभी करा. शिडीवर आडवी मॅट कठड्याला अडकते, तुम्ही मागे ओढले जाता, आणि खालचा माणूस तुमच्या पायाखाली असतो. कारवीच्या रानातही तेच. बाहेर लटकणारी चप्पल, स्टीलचा मग, ओला टॉवेल, सगळं आत घाला. लटकणारी प्रत्येक वस्तू कशात तरी अडकते.

आणि भरलेली सॅक एका झटक्यात खांद्यावर फेकू नका, कंबर धरते. वरच्या लूपला धरून आधी मांडीवर टेकवा, एक हात पट्ट्यात घाला, मग वळून दुसरा.

निघायच्या आदल्या रविवारी अशी पूर्ण भरलेली, पाण्यासकट, सॅक घेऊन तुमच्या इमारतीचे जिने तासभर चढउतार करा, किंवा पुण्यात असाल तर सिंहगडावर जाऊन या. कुठे घासतंय, कुठे टोचतंय ते तिथेच कळेल. आणि एकदाही हात न लागलेली वस्तू कुठली ते बघून ती घरी ठेवा, फक्त औषधं सोडून.

तुमच्या पाठीची लांबी सेंटीमीटरमध्ये आणि कुठल्या ट्रेकला निघालाय ते खाली लिहा. साइजबद्दल शंका असेल तर मी स्वतः उत्तर देईन. पुढच्या व्हिडिओत तंबू बघू: कातळावर खुंट्या ठोकता येत नाहीत, तिथे तो उभा कसा करायचा.